पाळकसाहेबांचे पायमोजे

प्रार्थनापत्रात सहा ओळी असत आणि सहाच्या सहा भरल्याच पाहिजेत, असा मिशनचा दंडक होता. परदेशी सेवेला गेलेल्या पाळकानं दर महिन्याला हे पत्र मायदेशी धाडायचं, तिथल्या मंडळ्यांनी रविवारच्या उपासनेत ते मोठ्यानं वाचायचं आणि एकेका विनंतीसाठी प्रार्थना करायची. पाळकसाहेबांनी पाच ओळी कशाबशा भरल्या. इथली भाषा नीट यावी, गुडघा दुखायचा थांबावा, उपासनेला पाचच माणसं येतात ती वाढावीत, राहण्याचा परवाना वाढवून मिळावा आणि पाळकीणबाईंचं इथं मन लागावं. सहावी विनंती मात्र काही केल्या सुचेना.

"अगं, सहावं काय लिहू?"

पाळकीणबाई त्यांचेच मोजे शिवत बसल्या होत्या. त्या वैतागून म्हणाल्या, "लिहा, मोजे फाटलेत म्हणून. इथं थंडीनं बोटं गळून पडायची वेळ आली."

पाळकसाहेब सरळ माणूस. बायकोनं सांगितलं आणि त्यांनी लिहिलं. पाकीट डकवलं, टपालात टाकलं आणि विसरूनही गेले.

दीड महिन्यानं पहिलं पार्सल आलं. आत लोकरीचे चोवीस जोड, आणि प्रत्येक जोडाला एक चिठ्ठी टाचलेली. चिठ्ठीवर एक वचन आणि खाली विणणारीचा निरोप. एकीनं लिहिलं होतं, 'डोळ्याचं ऑपरेशन झालंय, टाके चुकले असतील तर सांभाळून घ्या.' पाळकसाहेबांनी लगेच आभाराचं पत्र लिहिलं. तीच त्यांची चूक झाली, कारण ते पत्रही मोठ्यानं वाचलं गेलं आणि शेजारच्या गावच्या महिला मंडळाच्या कानावर गेलं. त्यांनी चोवीस पाठवले काय? मग आपण काय हातात बांगड्या भरल्यात? त्यांचे साठ आले. मग तिसऱ्या मंडळीचे ऐंशी. मग एका वसतिगृहातल्या मुलींचे, त्यात डावा-उजवा एका मापाचा असेलच असं नाही. परमेश्वर प्रार्थना ऐकतो हे पाळकसाहेब आयुष्यभर सांगत आले होते, पण तो इतक्या जोरात ऐकेल याची त्यांनाही कल्पना नव्हती.

पोस्टमन तिसऱ्या मजल्यावर अकरावं खोकं आदळून धापा टाकत म्हणाला, "साहेब, एक विचारू? तुम्हाला पाय किती आहेत?"

एकूण चारशे बारा जोड झाले. पाळकसाहेबांच्या बिऱ्हाडात खोल्या दोन. एकीत संसार, दुसरीत उपासना. खोकी उपासनेच्या खोलीत रचली आणि पाच जणांची मंडळी खोक्यांना टेकून गीतं म्हणू लागली.

आता खालच्या नाक्यावर एक दुकान होतं, पायमोजे आणि हातरुमालांचं. तिथला दुकानदार रोज काचेआडून पोस्टमनच्या फेऱ्या मोजत होता. एका खोक्याच्या फटीतून लोंबणारा मोजा त्यानं पाहिला आणि तो तडक सरकारी कचेरीत गेला. त्याच आठवड्यात सरकारी कागद आला. पाळकसाहेबांनी खोक्यावर बसून तो पाळकीणबाईंना वाचून दाखवला.

धर्मसेवेच्या परवान्यावर राहून आपण विक्रीचा माल मागवता, अशी तक्रार आहे. गुरुवारी सकाळी दहा वाजता अधिकारी पाहणीला येतील. व्यापार आढळल्यास परवाना रद्द होईल आणि आठ दिवसांत देश सोडावा लागेल.

"सुटलो!" पाळकीणबाई पटकन बोलून गेल्या आणि नवऱ्याचं तोंड पाहून त्यांनी जीभ चावली. दोन वर्षं जिवाचं रान करून या माणसानं पाच माणसं जोडली होती. त्यातल्या एका आंधळ्या आजोबांना ते दर रविवारी स्वतः हात धरून तीन जिने चढवून आणायचे. त्यांना टाकून जायचं म्हणजे काय, हे पाळकीणबाईंना कळत होतं.

"परत पाठवू या का मोजे?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

"त्या बायकांनी डोळे फोडून विणलेत ते. परत कुठल्या तोंडानं पाठवायचे?" पाळकसाहेब उठले. "वाटून टाकायचे. बुधवार संध्याकाळपर्यंत या घरात एक मोजा दिसता कामा नये. ठरलं!"

पाळकसाहेबांचं एकदा ठरलं की ठरलं. रविवारची उपासना आटोपली आणि ते दोन पिशव्या खांद्याला अडकवून निघाले. पहिलं दार पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंचं.

"केवढ्याला?" मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"फुकट आहेत, बाई."

"मग नकोत. फुकटचं मी कुणाचं घेत नाही."

"अहो, प्रेमानं विणलेत. थंडी आहे. घ्या ना."

"बदल्यात काय करावं लागेल? तुमच्या उपासनेला यावं लागेल?"

"काही नको. पाय गरम ठेवा म्हणजे झालं."

पंधरा मिनिटं झटापट चालली, तेव्हा कुठं बाईंनी जोड घेतला. पाळकसाहेब विजयी मुद्रेनं वर येऊन बसले, तोच दार वाजलं. दारात मास्तरीणबाई, हातात फुलझाडाची कुंडी.

"हे काय?"

"मी कुणाच्या उपकारात राहत नाही. कुंडी घ्या, नाहीतर हे तुमचे मोजे."

सगळी गल्लीच तशी निघाली. मोजे सगळ्यांना हवे होते, फुकट कुणालाच नको होते, आणि पाळकसाहेबांना पैसा घ्यायचा नव्हता, कारण पैसा घेतला की व्यापार. मग वस्तू घेतल्याशिवाय मोजा घरातून हलेना. घड्याळजीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. न्हाव्यानं आरसा दिला. कोपऱ्यावरच्या म्हातारीनं चक्क जिवंत कोंबडी दिली. ती आल्या आल्या गीतांच्या पुस्तकांच्या कपाटावर चढली आणि तिथूनच सगळ्यांवर नजर ठेवू लागली. एक पिंजरा आला, दोन इस्त्र्या आल्या, एक पाळणा आला.

"अहो, मोजे बरे होते," पाळकीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "निदान ते ओरडत तरी नव्हते."

"नंतर ज्याचं त्याला गुपचूप परत करू. आधी मोजे संपू देत."

पाळकीणबाईंना पसारा सहन होत नसे. त्यांनी सगळ्या वस्तू बाकांवर ओळीनं मांडल्या आणि कुणाची कोणती ते विसरायला नको म्हणून प्रत्येकीला दोऱ्यानं एकेक चिठ्ठी बांधली. उरलेले मोजे लहान, मध्यम, मोठे असे तीन फळ्यांवर लावले. बुधवारी संध्याकाळी दिवा लावून दोघं दारात उभी राहिली आणि एकमेकांकडे बघतच राहिली. मोज्यांचे अजून एकशे अठ्ठेचाळीस जोड शिल्लक होते, आणि उपासनेच्या खोलीचं अगदी झकास दुकान झालं होतं.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला अधिकारी आले. मागून तक्रारदार दुकानदार, लग्नाला निघाल्यासारखा कडक इस्त्रीच्या कपड्यांत. अधिकाऱ्यांनी फळ्या पाहिल्या, चिठ्ठ्या पाहिल्या, कोंबडी पाहिली आणि वही उघडली.

"हे सगळं काय आहे?"

पाळकसाहेब तोंड उघडणार, एवढ्यात न्हाव्याची बायको दार ढकलून आत आली. "पाळकसाहेब, हे यांना घट्ट होतात हो. मोठा नंबर आहे का?"

"आहे ना!" चार दिवसांची सवय. पाळकसाहेबांनी झटकन वरच्या फळीवरून जोड काढून दिला, जुना घेऊन घडी करून जागच्या जागी ठेवला आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. पाळकीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

"बघा! बघा साहेब!" दुकानदार नाचायचाच बाकी होता. "माल बदलूनसुद्धा देतात! मी नाही देत!"

पाळकसाहेबांनी खोटं बोलायचा विचारही केला नाही. प्रार्थनापत्रापासून कोंबडीपर्यंत सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. "साहेब, मोजे मी दिलेत आणि वस्तूही मी घेतल्यात. पण व्यापार मी केलेला नाही. मला इथून जायचं नाहीये. माझी माणसं आहेत इथं."

अधिकाऱ्यांनी पेन हनुवटीला टेकवलं. "मोजे देऊन वस्तू घेतल्या म्हणजे ती देवघेव झाली. पण धंद्यातलं मला काही कळत नाही." ते दुकानदाराकडे वळले. "तुम्ही त्यातले जाणकार. हा व्यापार आहे का, ते तपासून सांगा."

दुकानदारानं बाह्या सरसावल्या. "आत्ता सांगतो! हे घड्याळ. किती जोड दिलेत याला?"

"सात."

"चालतं का?"

"नाही."

"बंद घड्याळाला सात जोड?"

"त्यांच्या घरात माणसं सात आहेत," पाळकसाहेब म्हणाले.

दुकानदार जरा थबकला. "बरं. हा पिंजरा?"

"चार जोड."

"आणि पक्षी?"

"उडून गेला. म्हणून तर बिचाऱ्यांना पिंजरा डोळ्यांसमोर नको होता."

दुकानदारानं घाम पुसला. मग त्याची नजर कपाटावर गेली आणि डोळे चमकले. "ही कोंबडी? खरं सांगा!"

"एक जोड."

"सापडला! साहेब, लिहून घ्या! एका जोडात अख्खी कोंबडी! याला म्हणतात नफा!"

"फक्त," पाळकसाहेब संकोचून म्हणाले, "सकाळचं अंडं मी त्या आजींना नेऊन देतो."

"कुठल्या आजींना?"

"कोंबडीवाल्या."

"कोंबडी तुमची, दाणे तुमचे, तीन जिने उतरायचे तुम्ही, आणि अंडं तिचं?"

"त्यांना रोज सकाळी अंडं खायची सवय आहे. आणि दाणेही त्यांना थोडे देतो मी. त्यांच्याकडे अजून दोन कोंबड्या आहेत."

दुकानदार पाळण्याच्या काठावर बसला. मग तो उठला आणि कळवळून म्हणाला, "साहेब, सव्वीस वर्षं मी या धंद्यात आहे. माझा बापही धंद्यातच होता. या माणसाला तुम्ही व्यापारी ठरवलंत, तर उद्या आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही!"

"पण तक्रार तुमचीच आहे."

"मागे घेतो! आत्ताच्या आत्ता मागे घेतो! कुठं सही करू?"

अधिकाऱ्यांनी हसू दाबत शेरा लिहिला. 'अर्जदारास व्यापार करता येत नाही, असे जाणकाराचे स्पष्ट मत.' खाली दुकानदाराची सही घेतली आणि परवान्यावर तीन वर्षांचा शिक्का मारला. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. पाळकीणबाईंनी तो शेरा दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हे मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं. इतकं सरकार कशाला लागत होतं?"

अधिकारी गेले, पण दुकानदार तिथंच घुटमळत राहिला. "हे उरलेले मोजे? तेही असेच वाटणार?"

"नाही. माझ्यामुळे तुमचं गिऱ्हाईक तुटलं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चुकलंच माझं. हे सगळे तुम्ही न्या. दुकानात ठेवा."

"भाव काय?"

"भाव कसला?"

"अहो, एकशे अठ्ठेचाळीस जोड! हातानं विणलेले!" दुकानदार केविलवाणा झाला. "निदान काहीतरी मागा हो!"

"काही नको. घेऊन जा म्हणजे मी सुटलो."

दुकानदारानं दोन खेपांत मोजे नेले. प्रत्येक खेपेला तो जिन्यात थांबून मागं वळून बघत होता, कुणीतरी हाक मारून पैसे मागेल या आशेनं. कुणीच हाक मारली नाही.

रविवारी सकाळी पाळकीणबाईंनी बाकांवरच्या वस्तू भिंतीशी रचल्या. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे आंधळ्या आजोबांना वर आणलं, पाच जणांना बसवलं आणि पुस्तक उघडलं. इतक्यात दार वाजलं. दारात दुकानदार. तेच कडक इस्त्रीचे कपडे, पण डोळे तांबारलेले.

"या, या! काय झालं?"

"तीन रात्री झोप नाही मला," तो चिडून म्हणाला. "मी कुणाचं फुकट ठेवून घेत नाही. पैसे तुम्ही घेणार नाही. वस्तू द्यावी, तर ती तुम्ही भलत्यालाच देऊन टाकाल. मग मी बसून विचार केला. तुम्हाला नेमकी कशाची टंचाई आहे?" त्यानं रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली. "एका जोडाला एक रविवार. एकशे अठ्ठेचाळीस जोड, एकशे अठ्ठेचाळीस रविवार. मी येऊन बसेन. माझा विश्वासबिश्वास काही नाही, आत्ताच सांगून ठेवतो. पटतंय का बोला."

पाळकसाहेबांनी जोरजोरात मान हलवली.

"अहो," पाळकीणबाई त्यांच्या कानाशी कुजबुजल्या, "तीन वर्षं होतात जवळजवळ! आणि म्हणे यांना व्यापार येत नाही."

दुकानदार शेवटच्या बाकावर ऐसपैस बसला. आंधळ्या आजोबांनी हात पुढे केला, तो त्यानं अवघडून हातात घेतला. मग खिशातून आपलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

"आणि एक राहिलं. रविवार म्हणजे एक तास. तासाच्या वर बोललात, तर जादाची मिनिटं पुढच्या रविवारातून वळती करीन."

पाळकसाहेबांचं प्रवचन म्हणजे आजवर दीड तासाची निश्चिंती. दोन वर्षं पाळकीणबाईंनी खुणा केल्या, खोकून पाहिलं, भांडूनही पाहिलं, पण उपयोग शून्य. त्या रविवारी गीत, प्रार्थना, प्रवचन आणि आशीर्वाद, सगळं मिळून पाळकसाहेबांनी अठ्ठावन्न मिनिटांत आटोपलं. एकशे अठ्ठेचाळीस रविवारांतलं एक मिनिटही त्यांना वाया घालवायचं नव्हतं.