पपईच्या मापाचा कठडा

कळसाडीच्या रूपचंदआप्पांच्या घरावर मजला चढला, जिनाही झाला, पण जिन्याला कठडा काही झाला नाही. गेल्या दिवाळीत नात रिना वरच्या पायरीवरून घसरली. मुलाने, हेमकांतने, तिला वरच्या वर झेललं म्हणून बरं! सुरतेला परत निघताना सुनेने बजावलं, "कठडा व्हई तव्हयच येसूत."

तेव्हापासून आप्पांना घर खायला उठायचं. रिना वरून वाकून "आप्पाऽऽ" अशी हाक मारायची, त्या हाकेसाठी त्यांचा जीव तुटत होता. शेवटी त्यांनी वेल्डर भीमसिंगला बोलावलं.

"दांड्यांमा चार बोटं फट ठेवू, आप्पा. पोरनं डोकं जावाले नको."

"मंग ती डोकं काढीसन माले हाक कशी मारी?" आप्पा उखडले. त्यांनी मळ्यातून एक चांगली पपई आणली. "हायी समज रिनानं डोकं. आरपार गयी पाहिजे!"

भीमसिंगने कपाळाला हात लावला, पण मालकापुढे बोलणार कोण? पपई जाईल एवढी फट ठेवून त्याने कठडा बसवला आणि तो जेवायला गेला.

रिनाला खाली आपण बसतो ती खाट दिसेल की नाही, ते बघायला आप्पांनी फटीत डोकं घातलं. डोकं गेलं. परत येताना कान आडवे आले.

आप्पांच्या पत्नी अनुसयाबाईंनी गोडंतेल ओतलं. आप्पा नखशिखांत निथळले, डोकं तसूभर हललं नाही. बाईंनी रडत सुरतेला फोन लावला, "हेमकांत, आप्पानं डोकं कठडामा अटकनं रे! लवकर ये!"

भीमसिंगने येऊन गाडीच्या जॅकने दांड्या फाकवल्या तेव्हा कुठे आप्पा सुटले.

"हेमकांतले सांगी देऊ का, नको येऊ म्हणीसन?" बाईंनी विचारलं.

"खबरदार!" कान चोळत आप्पा ओरडले.

संध्याकाळी गाडी आली. रिना धावत वर गेली आणि फटीतून डोकं काढून ओरडली, "आप्पाऽऽ!" आप्पांचे डोळे भरून आले. हेमकांतने घाबरून पोरीला उचललं.

"हाऊ काय कठडा शे? आते चार बोटं फट ठेईसन सगळ्या दांड्या मन्हापुढे बसतीन, तव्हयच मी सुरतले जासू!"

आप्पांनी मान खाली घातली. मग फाटकाशी भीमसिंगला गाठून हळूच म्हणाले,

"भाऊ, दिवसले एकच दांडी बसाड. आनि ती बी वाकडी. म्हणजे दुसऱ्या दिवशी काढता येई."