कारणे दाखवा समितीचा अहवाल

लग्न ही समाजाला धरून ठेवणारी गोष्ट आहे, आणि ती मोडायची परवानगी फक्त नवरा-बायकोच्या मर्जीवर सोडणं धोक्याचं आहे. कायद्याला हे कळत नाही. तो म्हणतो, वर्षभर वेगळे राहा, दोघं मिळून अर्ज करा, सहा महिने थांबा, पुन्हा दोघं हजर राहून 'हो' म्हणा, की झालं. कारण विचारायचंच नाही! अहो, रेशनकार्डातून नाव कमी करायलाही कारण लागतं.

म्हसावदच्या हेमकांत आणि चेतनाने असाच अर्ज केला. ती तळोद्याच्या शाळेत शिकवते, तिथेच खोली घेऊन राहते. तो घरी केळीची बाग बघतो. भांडण नाही, मागणं नाही. दुसऱ्या तारखेला दोघांनी जायचं तेवढं उरलं होतं. एक जरी आला नाही, तरी अर्ज अडकतो. (कायद्यातलं तेवढं एक कलम आम्हाला पटलं.) म्हणून हेमकांतचे काका चुनीलाल आबा यांनी त्याला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली: कारण कळेपर्यंत तारखेला जायचं नाही. हेमकांतने मोठ्यांचा शब्द आजवर मोडलेला नाही. ('हेच कारण नसेल ना?' असं एका सदस्याने विचारलं. त्याला गप्प बसवण्यात आलं.)

आबांच्या ओट्यावर अकरा पुरुषांची समिती बसली. मी पंचायत समितीतला निवृत्त कारकून, म्हणून सचिव. याच अकरा जणांनी हे लग्न सतरा मिनिटांत ठरवलं होतं, चहासकट. तेव्हा कोणी कारण विचारल्याची नोंद दप्तरात नाही.

एकालाच लग्न मोडायचं असेल तर कायदा जी कारणं मागतो, त्यांची यादी मी वकिलाकडून आणली. इथे ती लागू नव्हती. पण आणलीच आहे, तर वाया कशाला घालवायची?

"तो मारस का तुले?" आबांनी चेतनाला विचारलं.

"नई, आबा."

"दारू पेस?"

"चहाबी बिनसाखरना पेस."

क्रूरता: निरंक. व्यभिचार: निरंक (दोन सदस्यांची निराशा झाली). धर्मांतर: निरंक. वेड: दोघांतही सदस्यांच्या सरासरीपेक्षा कमी. संन्यास: हेमकांत म्हणाला, चालेल. सात वर्षं बेपत्ता: समोर बसलेला असल्याने विचार झाला नाही.

"मंग कारन काय शे?"

"आमले संगे ऱ्हावानं नई," चेतना म्हणाली.

"हाई कारन नई, हाऊ ते निकाल शे!" आबा कडाडले. सभा तहकूब.

अशा तीन सभा झाल्या. तिसरी झाली ती तारखेच्या आदल्या दिवशी, सकाळी. चेतना तळोद्याहून पहिल्या बसने आली होती. डोळे सुजलेले. दीड वर्ष ज्या कागदाची वाट बघितली, तो उद्या मिळणार की नाही, हे आबांच्या गळ्यावर अवलंबून होतं. खरं सांगतो, मला तिची दया आली. पण इतिवृत्तात दयेचा रकाना नसतो.

"आबा, सांगस मी कारन," ती म्हणाली. "पन पहिले तुम्ही सांगा. तुम्ही काकूसंगे काबरं ऱ्हातस?"

आबांनी टोपी काढली, परत घातली.

"बठ्ठाच ऱ्हातस, म्हनीसन." मी नोंद केली: सगळेच राहतात, म्हणून.

"हाई कारन नई," आतून आबांच्या बायकोचा, तापीबाईंचा आवाज आला. "सांगा ना. बेचाळीस वरीसपाईन मीबी वाट देखी ऱ्हायनी."

आबांनी पाणी मागितलं. कोणी आणलं नाही. बाकीचे दहा जण दाराकडे बघू लागले, कारण त्यांच्याही बायका आत पापड लाटत होत्या आणि लाटण्यांचा आवाज थांबला होता.

ठराव: शपथ मागे, हेमकांतने तारखेला जावं. अकरा विरुद्ध शून्य. वेळ, दोन मिनिटं.

दुसऱ्या दिवशी दोघं 'हो' म्हणाले आणि मोकळे झाले. कोर्टाबाहेर पायरीवर बसून चेतना पोटभर रडली. हेमकांत तेवढ्यात तळोद्याच्या बसची वेळ विचारून आला.

तुम्ही हे सगळं वाचलंत आणि मनात म्हणताय, ते ठीक, पण खरं कारण काय होतं? अभिनंदन. समितीत बारावी जागा रिकामी आहे. अर्ज एका ओळीचा आहे: 'तुम्ही एकत्र का राहता?' उत्तर लिहून जोडीदाराला मोठ्याने वाचून दाखवायचं. माझा अर्ज मी मागच्या सोमवारपासून भरतोय. तुम्ही सुरुवात करा, जोडीदार पलीकडच्या खोलीतच असेल.