पाचवा रेनकोट

"एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजतोय मी. इतक्यांच्या हद्दी शोधून दिल्या, मला डोंगरावरची एक वाट सापडणार नाही?" असं म्हणून मोजणीदाराने यंदाच्या सहलीची सूत्रं हाती घेतली.

वाद झाला नाही, कारण ती सूत्रं धरायला दुसरं कुणी पुढे येतच नव्हतं. बावीस वर्षं ती डॉक्टरीणबाईंकडे होती. कुठला डोंगर, किती वाजता निघायचं, कुणी काय आणायचं, सगळं त्या ठरवायच्या आणि बाकीचे पाच जण बैलगाडीमागच्या कुत्र्यासारखे मुकाट चालायचे. मोजणीदार आणि त्याची बायको, बायकोचा थोरला भाऊ आणि वहिनी, दातांचे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई, अशी ही सहा माणसं. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाई गेल्या. सहाची पाच झाली आणि त्या पाचांत डोंगराचं नाव काढायची हिंमत कुणाला होईना.

मोजणीदाराने शेवटी फोन केला. डॉक्टर त्याचे शाळेपासूनचे मित्र. ते "बरं" म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच "बरं" म्हणत.

निघायच्या आदल्या दिवशी बायकोने भाऊ-वहिनीला घरी बोलावून चहाबरोबर नियमही वाढले.

"डॉक्टर भावजींना काही विचारायचं नाही. 'कसं वाटतंय' तर मुळीच नाही. आठवणी काढायच्या नाहीत. आणि दादा, तू त्यांच्या डोळ्यांत बघायचं नाहीस. तू बघतोस आणि तुझ्याच डोळ्यांत पाणी येतं, मग त्यांना तुझी समजूत घालावी लागते. दिवसकार्याला काय झालं आठवतंय ना?"

भाऊ ओशाळला. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि शांत बसणं त्याला विस्तव गिळल्यासारखं वाटायचं. पण त्याने मान डोलवली.

"मागून निवांत चालू द्यायचं त्यांना," बायको म्हणाली. "लागेल ते हातात द्यायचं. बस."

सकाळी गाडीत हे नियम इतके काटेकोर पाळले गेले की बोलायला विषयच उरला नाही. दवाखाना वर्ज्य, दात वर्ज्य, जुन्या सहली वर्ज्य, स्वयंपाक वर्ज्य कारण डॉक्टर आता डबा लावून जेवत. शेवटी भावाने टायरांमधल्या हवेवर बोलायला सुरुवात केली आणि तासभर तो त्यावरच बोलला. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. घाट सुरू झाला तेव्हा ते एकदाच म्हणाले, "इथे ती नेहमी काच खाली करायची." गाडीत एकदम अशी शांतता पसरली की भावाची हवासुद्धा संपली.

पायथ्याशी भुरभुर सुरू होती आणि वर नुसतं धुकं. तिथल्या टपरीवर रेनकोट भाड्याने मिळत होते, सगळे एकाच निळ्या रंगाचे, टोपीवाले, गुडघ्याच्या खाली पोचणारे. पाचही जणांनी ते चढवले. आरशात बघायची सोय नव्हती हे बरंच होतं. निळ्या पिशव्यांना पाय फुटावेत तसे ते दिसत होते.

निम्म्या वाटेवर एक पत्र्याची शेड लागते. तिथे टेकायला थांबले तेव्हा आत आधीच वीस-पंचवीस माणसं कोंबून उभी होती. कुठल्याशा पंख्यांच्या कंपनीचं अख्खं ऑफिस सहलीला आलं होतं आणि त्यांनीही टपरीवरचे तेच निळे रेनकोट घातले होते. डॉक्टर एका कोपऱ्यात बाकावर बसले. भुरभुर जरा थांबताच मोजणीदाराने हाक दिली, "चला, निघू या." धुक्यात त्याने टोप्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार, आपण पाच. मोजणीचा माणूस, आकडा बरोबर आला की त्याचं समाधान होतं. पाच आले, ते निघाले.

शेवटचा रेनकोट दहा पावलं मागून येत होता. टोपी खाली ओढलेली, तोंडावर मफलर. नियमाप्रमाणे कुणीही त्याच्याकडे नीट बघितलं नाही.

त्यानंतरच्या दीड तासात त्या चौघांनी जितकी माया केली तितकी त्यांनी बावीस वर्षांत मिळून केली नव्हती. बायकोने संत्रं सोललं, प्रत्येक फोडीच्या बिया काढल्या आणि मान दुसरीकडे वळवून एकेक फोड मागच्या हातावर ठेवत गेली. वहिनीने स्वतःची शाल काढून त्या खांद्यांवर टाकली आणि स्वतः कुडकुडत राहिली. बुटाची नाडी सुटलेली दिसली तेव्हा भूगोलाचे मास्तर चिखलात गुडघे टेकून बसले आणि त्यांनी ती बांधली. बांधताना त्यांनी वर बघितलं नाही. पण नाक ओढल्याचा आवाज आला आणि बायकोने त्यांच्या पाठीत हलकेच बोट खुपसलं.

"थँक्यू," मफलरमधून पुटपुटणं ऐकू आलं.

"बोलले," वहिनी पुढे होऊन कुजबुजली. "अहो, ते बोलले."

चौघांनाही भरून आलं.

कड्यावर पोचले तर समोर काहीच नव्हतं. इथून एरवी खालचं खोरं, तळं, पलीकडच्या तीन डोंगररांगा दिसायच्या. आता पांढरी चादर वाळत घालावी तसं धुकं. भाऊ सवयीने "समोर उत्तरेला..." म्हणाला आणि तिथेच थांबला. बायको आणि वहिनी आडोसा शोधून डबे उघडायला बसल्या. मोजणीदार तेवढा त्या निळ्या रेनकोटाशेजारी दगडावर जाऊन बसला, दोघांची तोंडं धुक्याकडे.

आठ महिने त्याच्या घशात एक गोष्ट अडकली होती. बायकोचे नियम होते, पण ते प्रश्न विचारण्याबद्दल होते. सांगण्याबद्दल तिने काही म्हटलं नव्हतं.

"शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात आलो नाही," तो म्हणाला. "तुला फोन करून सांगितलं, ताप आहे. ताप नव्हता. चार दिवस मी रोज यायचो. खाली गाडी लावायचो. बसून राहायचो. दार उघडायला हातच पुढे व्हायचा नाही बघ. तिला तसं बघायचं धैर्य नव्हतं माझ्यात. पाऊण तास बसायचो आणि घरी जायचो. आणि ती गेली. तुला एकट्याला सोडलं मी. एवढं बोलायला आठ महिने लागले."

शेजारच्या रेनकोटाने हात पुढे करून मोजणीदाराच्या गुडघ्यावर ठेवला.

"होतं असं, साहेब," तो म्हणाला. "माणूस घाबरतो. मनाला लावून घेऊ नका."

मोजणीदाराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मग ते वाहता वाहता थांबलं. साहेब?

"तुम्ही कुठल्या विभागाचे?" रेनकोटाने अदबीने विचारलं. "मी सोमवारीच लागलोय. अजून कुणाची ओळख नाही."

मफलर खाली आला. आत एक तिशीचा, मिशा राखलेला, अत्यंत संकोचलेला माणूस होता.

"तुम्ही कोण?" मोजणीदार उठून उभा राहिला.

"ड्राफ्ट्समन. पंख्यांच्या पात्यांची ड्रॉइंग करतो. मला वाटलं आपलीच माणसं निघाली, म्हणून मागे आलो." त्याने शाल सावरली. "खरं सांगू का, याआधी दोन कंपन्या केल्या, पण एवढी चांगली माणसं कुठे भेटली नव्हती. संत्र्याच्या बिया काढून कोण देतं?"

वहिनीच्या हातातला डबा घरंगळत खाली गेला.

आता सगळ्यांना एकच गोष्ट दिसत होती आणि ती कुणी बोलत नव्हतं. डॉक्टर धुक्यात एकटे. ही वाट, हे कडे, आणि आठ महिने सगळ्याला "बरं" म्हणणारा माणूस. फोनला रेंज नव्हती. बायकोने पिशवी न भरताच चालायला सुरुवात केली.

"अहो, सकाळी गाडीत ते काय म्हणाले ऐकलंत ना," एवढंच ती म्हणाली.

"काचेबद्दल बोलले ते."

"काचेबद्दल नाही बोलले ते."

उतारावर सगळे हाका मारत सुटले. भाऊ वर्गात हजेरी घ्यावी तशी खणखणीत हाक मारी आणि कुणी "हजर" म्हणतंय का ऐकत थांबे. दोनदा तो घसरला आणि दुसऱ्यांदा बसल्या बसल्याच वीसेक फूट खाली गेला, पण कुणी हसलं नाही, तो स्वतःही कण्हला नाही. मोजणीदाराने त्या धांदलीत जवळची म्हणून एक वाट पकडली. ती करवंदीच्या जाळीत संपली. परत फिरताना अर्धा तास गेला. तो अर्धा तास बायको त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. नवा ड्राफ्ट्समन मागून धापा टाकत येत होता आणि दर थोड्या वेळाने म्हणत होता, "माझ्यामुळे झालं हे."

शेड रिकामी होती. बाकाच्या पाठीवर एक निळा रेनकोट नीट घडी करून ठेवलेला होता.

बायको त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिने तो उचलला नाही. डॉक्टर कपड्यांच्या अशा घड्या घालायचे, बाही आत, कॉलर वर, हे त्या चौघांनाही ठाऊक होतं.

"मी मोजले होते," मोजणीदार म्हणाला. "पाच होते."

उरलेली वाट ते कसे उतरले हे पुढे त्यांच्यापैकी कुणालाच नीट सांगता आलं नाही.

पायथ्याच्या कँटीनमधून हसण्याचा गलका येत होता. आत लांबलचक टेबलाभोवती पंख्यांची कंपनी बसली होती आणि टेबलाच्या टोकाला डॉक्टर. त्यांच्यासमोर एक जाडजूड गृहस्थ आ वासून बसले होते आणि डॉक्टर चमच्याच्या दांड्याने त्यांची दाढ ठोकून बघत होते.

"ही नाही दुखत? मग हिच्या शेजारणीचं काम आहे. शेजारणी अशाच असतात, स्वतः गप्प आणि नाव दुसरीचं," डॉक्टर म्हणाले, आणि सगळं टेबल पुन्हा हसलं. डॉक्टरही हसले. तोंड उघडून, खांदे हलवून.

त्यांनी दारातल्या चौघांना पाहिलं. "अरे, कुठे राहिलात तुम्ही? ऊन पडलं म्हणून मी रेनकोट तिथेच ठेवला आणि यांच्याबरोबर उतरलो. म्हटलं तुम्ही पुढे गेलात."

ऊन कधी पडलं होतं हे त्या चौघांना माहीत नव्हतं. बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि बराच वेळ तिथला दरफलक वाचत राहिली. भावाने सगळे नियम मोडून डॉक्टरांच्या थेट डोळ्यांत बघितलं आणि व्हायचं तेच झालं. डॉक्टरांनी उठून त्याची समजूत घातली.

परतीच्या वाटेवर डॉक्टर पुढे, गाडी चालवणाऱ्या मोजणीदाराशेजारी बसले. घाट उतरल्यावर मागचे तिघं पेंगायला लागले. मोजणीदाराने गाडी जरा हळू केली. एकदा सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला सोपी जाईल असा त्याचा अंदाज होता. तो चुकला.

"त्या आठवड्यात मला ताप नव्हता," तो कसाबसा म्हणाला.

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "तिची खाट खिडकीपाशी होती. तुझी गाडी दिसायची तिला. म्हणायची, आला बघ, आता बसेल थोडा वेळ आणि जाईल. त्याला काही बोलू नका, म्हणाली. तीन दिवस आलास तू."

"चार."

डॉक्टरांनी जरा विचार केला. "चौथ्या दिवशी तिला शुद्ध नव्हती."

मोजणीदाराला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता, त्याने वायपर लावून पाहिला, पण काच कोरडीच होती.

"पुढच्या महिन्यात ही पंख्यांची मंडळी तळ्यावर जाणार आहेत," डॉक्टर म्हणाले. "मला बोलावलंय. जाईन म्हणतो. तिथे कुणी माझ्याकडे चोरून बघत नाही रे. मी कोण, काय झालं, कुणाला ठाऊक नाही. तुमचा दोष नाही त्यात."

"छे छे. जा की," मोजणीदार म्हणाला. थोडा वेळ त्याने गाडी चालवली. "आम्हीही आलो असतो. मागून चाललो असतो, गप्प."

"विचारलं मी तुमच्यासाठी," डॉक्टर म्हणाले. "पण बाहेरच्या माणसांना घेत नाहीत म्हणे."