संदेश आईसमोर उकिडवा बसतो

कलावतीबाई हॉलमध्ये फरशीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा संदेश आला, त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि मऊ आवाजात म्हणाला, "आई, तुला आतून कसं वाटतंय?"

"आतून म्हणजे? पोटात?"

"नाही गं. मनात."

कलावतीबाईंच्या बोटांत पाकळी तशीच राहिली. संदेश पुढे काही बोलला नाही. नुसता मायेने बघत राहिला.

हे तो शिकून आला होता. त्याच्या लेकीच्या, सान्वीच्या, बालवाडीत पालकांसाठी भावना ओळखण्याचं शिबिर होतं. जायचं होतं त्याच्या बायकोला, रुचिताला. पण सान्वीला सर्दी झाली आणि ती आईला सोडेना, म्हणून संदेशला पाठवलं. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत तो व्हॉल्व्ह तपासतो. सांगितलेली गोष्ट सांगितलेल्या क्रमाने करायची, हे त्याला पक्कं जमतं. समोरच्याच्या उंचीवर या, कसं वाटतंय विचारा, मग गप्प बसा. शिबिर मुलांसाठी होतं, पण रुचितानेच सांगितलं होतं की आधी आईंवर करून बघ.

कारण सोमवारपासून तिला ठाण्याच्या ऑफिसात परत रुजू व्हायचं होतं. सान्वी झाल्यावर सुटलेली नोकरी मोठ्या मिनतवारीने परत मिळत होती. दुपारी सान्वीला बालवाडीतून आणून सांभाळायला आईंशिवाय कुणी नव्हतं, आणि विचारलं की आई एवढंच म्हणत, "बघू." कधी तो बघू कणीक मळताना येई, कधी देवापाशी दिवा लावताना. रुचिता त्या बघूच्या सुरावरून अंदाज बांधायची आणि रोज तिचा अंदाज वेगळा निघायचा.

इकडे कलावतीबाईंना वेगळीच शंका आली होती. घरातल्या पुरुषाने समोर बसून मायेने चौकशी करावी आणि मग गप्प व्हावं, हे त्यांच्या आयुष्यात एकदाच घडलं होतं. संदेशच्या वडिलांची मोहने गावातली कंपनी बंद झाली त्या संध्याकाळी ते असेच येऊन बसले होते. "कला, बरी आहेस ना?" एवढंच म्हणाले होते. म्हणजे पोराची नोकरी गेली. दुसरं काय असणार?

त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर पोराला तोंडाने सांगावं लागलं असतं. लसूण संपवून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि रुचिताला म्हणाल्या, "सोमवारी तू जायचंस. सान्वीचं मी बघते. आता परत विषय नको."

रुचिताच्या हातातलं उलथनंच निसटलं. आत जाऊन तिने संदेशचं कौतुक केलं. मी काय, नुसता गप्प बसलो, असं तो नम्रपणे म्हणाला.

"गप्प तर तू रोजच बसतोस. आज समोर बसलास."

रात्री जेवताना आईंनी त्याच्या ताटात आग्रहाने वाढलं आणि स्वतः अर्ध्या पोळीवर उठल्या. रिकाम्या खोल्यांमधले दिवे विझवत फिरल्या. रुचिताला वाटलं, शिबिराचा परिणाम दिसतोय.

रविवारी सकाळी विठ्ठलवाडीहून नाथामामा, म्हणजे कलावतीबाईंचे धाकटे भाऊ, खांद्यावर तांदळाची गोणी घेऊन हजर झाले. त्यांचा मांडव-डेकोरेशनचा धंदा. धापा टाकतच त्यांनी संदेशला जवळ बसवलं. असे दिवस प्रत्येकावर येतात, लाज धरायची नाही, आपल्याकडे हिशोबाच्या माणसाची जागा आहे, उद्यापासून ये, असं सगळं सांगून टाकलं.

"पण मामा, कशाला?"

"नोकरी गेली ना."

"कोणाची?"

"तुझी. रात्री अक्काचा फोन आला होता."

संदेशचा चेहरा पांढरा पडला. त्याने आधी मोबाइल काढून कंपनीचा मेल आलाय का ते पाहिलं. मेल नव्हता. मग सगळ्यांचं सगळ्यांना कळलं.

"मग तू असा समोर का बसलास रे?" कलावतीबाई म्हणाल्या.

"तुला कसं वाटतंय ते विचारायला."

"नुसतं?"

"नुसतं."

पदराने डोळे पुसावेत की त्याच्या पाठीत धपाटा घालावा हे त्यांना ठरवता येईना. रुचिता मात्र भिंतीला टेकली. नोकरी गेली नव्हती, म्हणजे आईंचा होकारही गेला. गप्प राहून तो पदरात पाडून घेता आला असता. पण तिच्याने राहवेना.

"आई, तुम्ही संदेशसाठी हो म्हणालात. ते मी धरत नाही. नाही म्हणालात तरी रागावणार नाही. बाथरूममध्ये जाऊन जरा रडेन, पण रागावणार नाही."

कलावतीबाईंना हसू आलं. मग त्या खाली बघत म्हणाल्या, "पोरीचं काही जड नाही गं. मला त्या लिफ्टची भीती वाटते. कोणी सोबत असलं की निभतं. पोरीला घेऊन एकटी मधेच अडकले तर?"

"मग काल हो कसं म्हणालात?"

"जिन्याने आणली असती."

सहा मजले. रुचिताने त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. ती त्यांचा हात धरून सरळ लिफ्टपाशी गेली. मागून सगळी वरात.

पहिल्या फेरीत कलावतीबाईंनी तिचा दंड इतका आवळला की वळ उठले. अडकलं तर पिवळी घंटा दाबायची, वॉचमन येतो, हे संदेशने दाबून दाखवलं आणि वॉचमन खरंच धावत आला. पुढच्या फेरीत त्यांनी दंड सोडून नुसती ओढणी धरली. नंतर त्या आणि सान्वी दोघीच खाली जाऊन वर आल्या. दार उघडलं तेव्हा त्यांचं कपाळ घामाने भिजलं होतं आणि मान ताठ होती.

"नाथा, तू का बाहेर? ये आत."

मामा म्हणाले, जिना बरा, व्यायाम होतो. अक्कांनी त्यांना शर्टाला धरून आत ओढलं. दार मिटलं तसे मामांनी डोळे मिटले आणि देवाचं नाव घ्यायला लागले. कलावतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"भीती वाटते ना? वाटू दे. मला पण वाटते. हात दे इकडे."

तळमजला आला. मामा बाहेर पळणार, एवढ्यात अक्कांनी त्यांची कॉलर धरली.

"सान्वी, दाब गं परत सहा. मामाआजोबांची भीती अजून गेली नाही."