मोहरीपर्यंतचा धम्म

ज्ञानाला वजन नसतं, लांबी मात्र असते. आणि ती साठ सेकंदांच्या वर गेली की ज्ञानाचं व्याख्यान होतं. हे तत्त्व स्वीकारल्यापासून माझी प्रगती झपाट्याने झाली. वर्षभरात मी धम्म पूर्ण केला, शेजारचे तीन धर्म चाळले आणि निर्वाणाच्या दोन पायऱ्या पाहिल्या (तिसरीसाठी चॅनेल सबस्क्राइब करावं लागतं). बरंचसं अध्ययन नांदेड-लातूर एस.टी.त, उभ्याने झालं.

'कोणी सांगतं म्हणून विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा' हा उपदेश तर मला इतका पटला की मी तो न तपासताच सगळ्या ग्रुपांवर पाठवला. त्याला दोन लाख लाइक होते.

या विद्वत्तेची दखल विष्णुपुरीजवळच्या आमच्या वस्तीतल्या विहार समितीने घेतली. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, विहारात ग्रंथवाचन होतं. ते बाबा करायचे. बाबा यंदा उन्हाळ्यात गेले. अध्यक्ष धम्मानंदकाका म्हणाले, "रविकांत रोज सकाळी एवढं पाठवून राहिला, त्याच्याइतका अभ्यास कोणाचा हाय?" मी पाठवलेलं कोणी उघडलेलं नव्हतं, त्यामुळे निवड बिनविरोध झाली.

खरा आनंद झाला तो आईला. तिला वाचता येत नाही. गेल्या वर्षी बाबा वाचता वाचता आजारी पडले आणि एक गोष्ट अर्धीच राहिली: मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या बाईची. बाबा गेल्यापासून आईचं एकच मागणं होतं. "त्या बाईचं पुढं काय झालं, तेवढं वाच."

मी पांढरा शर्ट घालून बसलो आणि तीच गोष्ट काढली. बुद्ध त्या बाईला सांगतात, ज्या घरात कधी कोणी मेलं नाही, त्या घरातून मूठभर मोहरी आण. बाई दारोदार हिंडते. तसं घर सापडत नाही. तिला उमगतं. इथे मी थांबलो. माझ्या आजवरच्या अध्ययनात गोष्ट इथेच संपते (मागे बासरी वाजते). सभेचं अध्ययनही तेवढंच असावं. सगळे "साधु, साधु, साधु" म्हणून चपला शोधायला उठले. इतकं आटोपशीर वाचन आजवर झालं नव्हतं, असा अभिप्राय काकांनी दिला.

आई उठली नाही.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय? समजलं तिला. मरण कोणाला चुकत न्हाई."

"ते मलाबी समजलं. पण समजल्यावर ती बाई घरी गेली आसंल ना? दुसऱ्या दिवशी उठून काय केलं तिनं? जगली कशी?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी सचिव सुगतकडे पाहिलं (एम.ए., बी.एड.). मोहरीपर्यंत सगळ्यांचं पाठ होतं. मोहरीच्या पलीकडे कोणी गेलेलं नव्हतं. ग्रंथ माझ्या मांडीवर उघडाच होता. पण पान उलटायला हात मोकळा लागतो, आणि मी तोवर मोबाईलवर शोधायला लागलो होतो. काकाही लागले, मग सगळा विहारच लागला. मला सोयाबीनचे भाव सापडले, आणि एकाग्रता वाढवण्याचे तीन उपाय (दोन पाहिले).

"राहू दे," आई म्हणाली. "तुझ्या बाबांनी सांगितलं आसतं."

खरं सांगतो, मला फार लाज वाटली. ती घालवायला मी आणखी एक व्हिडिओ पाहिला.

आता समितीने या प्रश्नावर उपसमिती नेमली आहे, आणि आई रोज विहारात येऊन तेच विचारते. तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, ग्रंथ वाच की. बरोबर आहे. मोहरीची गोष्ट तुम्हालाही ठाऊक होतीच. मघाशी वाचताना मान डोलावलीत. मग सांगा, ती बाई पुढं कशी जगली?

बघा, हात खिशाकडे गेलाच. लहानसं काही सापडलं तर मलाही पाठवा. आई वाट पाहते आहे.