साळिंदराचा पाळणा आणि निळी पट्टी

एका जंगलात, बाळांनो, विसोबा नावाचं साळिंदर राहत होतं. जंगल जुनंच, पण चांगलं सुधारलेलं. झाडाझाडाला ढोली होती, ढोलीढोलीत संगणक होता, आणि त्याच्यापुढे बसून मंडळी डोळे फोडून घेत होती.

विसोबा जंगलाचा संगीतकार. वाद्य म्हणाल तर एकही वाजवता येत नव्हतं! पण त्याच्या संगणकात सगळ्या वाद्यांचे आवाज साठवलेले होते. सनया होत्या, संबळ होते, घुंगरांचेच चाळीस प्रकार होते. कळ दाबली की हवा तो आवाज यायचा.

यायचा म्हणजे, सावकाश यायचा. एक सनई मागितली की संगणक सगळ्या सनया पोटात भरायला घ्यायचा. पडद्यावर निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकायची. तोवर विसोबा काय करणार? अंगावरचे काटे विंचरायचा, जांभया द्यायचा, काहीतरी गुणगुणायचा. पट्टी भरली की तेच कळांवर वाजवायचा. झालं गाणं तयार!

गंमत अशी, की आपण गुणगुणतो हे त्याच्या गावीही नव्हतं. घोरणाऱ्याला कुठे आपलं घोरणं ऐकू येतं?

एकदा राणीसरकार वाघीणबाईंना पिल्लू झालं. पिल्लू असं रडकं, की राजवाड्यात कुणाच्या डोळ्याला डोळा लागेना. राणीसरकारांनी विसोबाला बोलावलं.

"बारशाला नवा पाळणा हवा. ऐकून पिल्लू झोपलं पाहिजे. नाहीतर..." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "साळिंदराचं मटण फार मऊ असतं म्हणे."

विसोबा घरी आला तो बायकोला हाका मारतच.

"अगं गोदे, हा डबा माझा जीव घेणार! निम्मा दिवस आवाज भरण्यातच जातो. पाळणा करू कधी?"

"आजवर केलीतच की गाणी," गोदा म्हणाली.

"हा वेगवान असता तर याच्या दसपट केली असती!"

त्यानं हुप्पे इंजिनियरला बोलावणं धाडलं. हुप्पे म्हणजे वानर, पण हुशार.

"अहो विसोबा, अख्खा आवाज आत घेताच कशाला?" हुप्पे म्हणाला. "प्रत्येक आवाजाचं नुसतं डोकं, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, आणून ठेवायचं. डोकं वाजेपर्यंत शेपूट मागून येतंच." आणि त्यानं स्वतःचं शेपूट हलवून दाखवलं. दोन घड केळी घेतली आणि संगणक सुधारून दिला.

काय सांगू! कळ दाबायचा अवकाश, आवाज हजर. विसोबानं एक घुंगरू ऐकलं. छान होतं. दुसरं ऐकलं. तेही छान होतं. चाळीस झाली, मग सनया झाल्या, मग पुन्हा घुंगरू. बारशाचा दिवस उजाडला तरी पाळण्याला कोणतं घुंगरू शोभेल हेच ठरेना. पाळणा म्हणाल तर एक ओळही नाही!

बारशाला सगळं जंगल लोटलं. घुगऱ्या वाटल्या, पाळणा सजला. विसोबानं भीत भीत संबळाची कळ दाबली. पिल्लू दचकून रडू लागलं. सनई लावली, तर त्यानं टाहोच फोडला. राणीसरकार उठून उभ्या राहिल्या.

विसोबाची पाचावर धारण बसली. त्यानं घाबरून सगळ्याच कळा एकदम दाबल्या. संगणक गपकन थिजला. पडद्यावर निळी पट्टी उमटली आणि गोगलगायीसारखी सरकू लागली.

संपलं आता, विसोबाला वाटलं. पळून तरी जाणार कुठे? जुन्या सवयीनं तो काटे विंचरू लागला. आणि जुन्या सवयीनंच गुणगुणू लागला.

पिल्लू गप्प झालं. त्यानं एक जांभई दिली आणि झोपलं. पाठोपाठ राणीसरकारही झोपल्या.

विसोबा बक्षिसाची शाल पांघरून घरी आला.

"पाहिलंस? पट्टीचा गुण! पट्टी सरकताना बघून पिल्लू झोपलं."

"अहो, तुम्ही गुणगुणत होतात," गोदा म्हणाली. "किती गोड होतं ते!"

"मी? काहीतरीच काय!" विसोबा हसला. "हुप्पेला बोलाव. संगणक पहिल्यासारखा मंद करून घेतो."

हुप्पे आला. मंद करण्याचे त्यानं चार घड घेतले. काम नाजूक होतं, म्हणाला.

ही बातमी फुटली, आणि दुसऱ्या दिवसापासून जंगलातले झाडून सगळे संगीतकार आपापले संगणक मंद करून घ्यायला हुप्पेच्या दारात रांगेत उभे राहिले. गुणगुणत मात्र कुणीच नव्हतं.

तात्पर्य: काम अडलं तर दोष यंत्राला द्यावा, आणि साधलं तर श्रेयही यंत्रालाच द्यावं. आपलं नाव मध्ये आणलं, तर माकडांनी खायचं काय?