आप्पांचा कोंडवाडा

आमचे गुंडाप्पा कुणालाही नावानं ओळखायचे नाहीत. खुणेनं ओळखायचे. तलाठी म्हणजे "पुढचा दात किडका, डावं पाऊल फेकत चालतो त्यो." सरपंच म्हणजे "रंग तांबूस, मानंवर वशिंडावानी मांस." सरपंचाच्या तोंडावर हे म्हणायची छाती गावात फक्त आप्पांचीच होती.

त्यांचाही दोष नव्हता म्हणा. जळकोटच्या अलीकडं आमचं गाव, आणि त्या गावच्या पंचायतीच्या कोंडवाड्यावर आप्पा जन्मभर रखवालदार. कुणाची म्हैस दुसऱ्याच्या रानात शिरली की ती आप्पांच्या ताब्यात. मालक सोडवायला आला की आप्पा दारात आडवे. "खूण सांगा, जनावर न्या." खूण चुकली तर सख्ख्या भावालाही जनावर द्यायचे नाहीत.

मग तो दुष्काळ आला. ढोरं छावणीला गेली, कोंडवाडा ओस पडला. आम्ही बायका खडी फोडायला जायला लागलो. माझी मंगल तेव्हा रांगत होती. माझे मालक सोलापूरला कामाच्या शोधात, सासू आधीच गेलेली. लेकीला झोळीत घालून कामावर न्यायची, तर एका लेकराला खडीची कपची लागली आणि मुकादमानं फर्मान काढलं, "अंगावरचं पोर आणंल तिला काम न्हाय." झालं! काम नाही तर चूल नाही. मी रस्त्यावरच रडत बसले.

आप्पा कुठूनसे आले. माझ्याकडं बघितलं, मंगलकडं बघितलं आणि म्हणाले, "माज्या वसरीवर सोड. ढोरं सांभाळली, ही तर बारकी हाय."

मोबदला काय? तर पोरामागं तांब्याभर पाणी. त्या वर्षी पाणी म्हणजे तूपच. आठवडाभरात आप्पांची ओसरी भरली. माझी मैत्रीण शांता, जिचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता, तिनंही आपला बाळू आणून टाकला. बाळू म्हणजे पोर नव्हे, उच्छाद!

पहिल्याच संध्याकाळी तमाशा. मी हात पुढं केले, मंगल माझ्याकडं झेपावतेय, आणि आप्पा तिला मागं ओढतायत.

"खूण?"

"अवो आप्पा, माझी लेक हाय ती!"

"खूण दाव."

"रडतीय बघा की माझ्यासाठी!"

"खूण दाव, पोरी. वासरू बी कुनाच्या बी मागं जातं."

मी संतापले. बरं, नुसतं तोंडानं सांगून भागायचं नाही, बोट ठेवून दाखवायचं. मला काही सुचेना. शेवटी त्यांनीच मंगलचा कान मुडपला, मागचा तीळ दाखवला आणि म्हणाले, "आई हायेस का कोन?" लाज वाटली हो. शांता तर रोज भांडायची. आप्पा तिच्या तोंडाकडं टक लावून बघायचे आणि ती दमली की म्हणायचे, "बरं बरं. खूण?" आम्हाला वाटायचं, म्हातारा लई शिष्ट.

एक दिवस सुरुंग उडवायचे होते म्हणून दुपारीच सुट्टी झाली. आम्ही ओसरीवर गेलो आणि शांतानं किंकाळीच फोडली. सगळी पोरं ओळीनं, कमरेला लुगड्याचे काठ बांधलेले. थेट दावणीची वासरं!

"मुडद्या, माणसाची पोरं बांधतोस व्हय रं!" शांता ओरडली. वय नाही, मान नाही, सगळं विसरली.

आप्पा आमच्याकडं पाठ करून भिंतीला टेकलेले. हलले नाहीत. ती पुन्हा ओरडली. तरी नाही. एवढ्यात मंगलनं टाहो फोडला, तोंड लालेलाल. आप्पा ढिम्म. मी धावणार तोच मंगलनं पाय झाडले, काठ ताणला गेला, आणि आप्पा ताडकन उठले. इकडंतिकडं न बघता सरळ मंगलपाशी गेले आणि तिला खांद्यावर घेतलं.

तेव्हा मला दिसलं. सगळ्या काठांची दुसरी टोकं आप्पांच्या बोटांना होती. प्रत्येक बोटाला एक पोर. मंगल डाव्या करंगळीला.

आप्पा वळले आणि आम्हाला बघून त्यांचा चेहरा पडला. मी कानाला हात लावून विचारलं, कधीपासून?

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "पंचायतीला कळलं असतं तर काम गेलं असतं. तुमाला कळलं असतं तर पोरं गेली असती." मंगलची पाठ थोपटत बोटांकडं बघत राहिले. "घरवाली गेली, मग ढोरं गेली. दिस दिस कुनाचा हात लागत न्हवता अंगाला. आता दिसभर कुनी ना कुनी वढतंय. बरं वाटतंय."

आपापलं पोर सोडवून, कडेवर घेऊन आम्ही निघालो. वाटेत शांता म्हणाली, "बहिऱ्याच्या हवाली पोर? माझ्या जिवाला घोर नको बाई." खरं सांगते, मीही भ्याले होते. पोर बाहेर गेलं, पडलं-झडलं, हाक मारली तर यांना कळणार कसं? पण सकाळी काम होतं, आणि मंगलचा टाहो ऐकणाऱ्या आम्ही इतक्या जणी असूनही पहिला उठला होता तो म्हाताराच.

सकाळी गेले तर ओसरी झाडलेली. काठ धुऊन, घडी घालून ठेवलेले. आप्पा उंबऱ्यावर, मान खाली. मला बघून म्हणाले, "तांब्या ऱ्हायला व्हय? ने."

तोंडानं सांगून उपयोग काय! मी एक काठ घेतला, मंगलच्या कमरेला बांधला, दुसरं टोक त्यांच्या करंगळीला.

मागून आवाज आला, "करंगळीला माझं जमायचं न्हाय. अंगठ्याला बांधा, लई वढतोय मेला!"

शांता. कडेवर बाळू.

आप्पांना काय ऐकू जाणार? मग तिनंच त्यांचा अंगठा धरला आणि गाठ मारायला बसली. एक मारली, दुसरी मारली. आप्पांनी दुसऱ्या हातानं पटक्याचा शेव डोळ्यांना लावला, आणि बाळूनं तेवढ्यात जोरात हिसका दिला.